काच मुळात दिसतेच कशी?

आज आपण एक काचेचं भांडं गायब करणार आहोत. रुमाल नको, छडी नको, आणि ‘छू मंतर’ म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्याने काही फरक पडत नाही. लागतात फक्त दोन काचेची भांडी, एक मोठं आणि एक त्याच्या आत सहज मावेल असं लहान. आणि सूर्यफुलाचं तेल. तेलाचं नाव काढल्यावर घरात काय ऐकायला मिळेल ते मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाका, की भांडी घासून, पुसून, अगदी कोरडी करून घेतली तर प्रयोगानंतर याच तेलात भजी तळता येतात. भज्यांचा विषय निघाला की परवानगी जरा लवकर मिळते.

एक अट मात्र आहे. आतलं लहान भांडं बोरोसिलिकेट काचेचं हवं. ओव्हनमध्ये ठेवायची पारदर्शक भांडी पुष्कळदा या काचेची असतात आणि शाळेच्या प्रयोगशाळेतलं चंचुपात्रही बहुधा याच काचेचं असतं. सरबताचा साधा पेला चालणार नाही. का, ते पुढे येईलच.

लहान भांडं मोठ्या भांड्यात ठेवा. आता लहान भांड्यात तेल ओता, अगदी सावकाश, म्हणजे बुडबुडे होणार नाहीत. ते काठोकाठ भरलं तरी स्वच्छ दिसत राहील. ओतणं थांबवू नका. तेल काठावरून सांडून बाहेरच्या भांड्यात जमायला लागलं की खाली वाकून बाजूने बघा. बाहेरचं तेल जसजसं वर चढतं, तसतसं आतलं भांडं बुडापासून पुसल्यासारखं नाहीसं होत जातं. शेवटी वर उरतो नुसता काठ, आणि तोही बुडाला की संपलं. खरी गंमत प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची. त्याच्यावर ५०, १०० असे पांढरे आकडे छापलेले असतात. काच जाते आणि आकडे तेवढे तेलात अधांतरी लटकत राहतात. घरच्या मोठ्या माणसांना दाखवायचं ते हे.

आता नीट विचार केला तर काचेचं नाहीसं होणं एवढं नवलाचं नाही. नवल आहे ते काच एरवी दिसते याचं! काच पारदर्शक असते. प्रकाश तिच्यातून आरपार जातो. मग टेबलावर ठेवलेला स्वच्छ, रिकामा पेला आपल्याला दिसतो तरी कसा?

दोन कारणांनी. पहिलं, काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशातला थोडासा भाग, शंभरातले साधारण चार भाग, तिच्या पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. पेल्यावर खिडकीची चकाकी दिसते ना, ती हीच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. काचेत शिरताना आणि बाहेर पडताना प्रकाश वाकतो. त्यामुळे पेल्याच्या मागची भिंत, पडदा, कॅलेंडरवरच्या तारखा सगळं जागचं हललेलं आणि ताणलेलं दिसतं, आणि मेंदू म्हणतो, ‘इथे काहीतरी आहे.’ प्रकाशाच्या या वाकण्याला शाळेच्या पुस्तकात अपवर्तन म्हणतात. तेलात बुडालेल्या भांड्याने प्रकाश वाकवायचं सोडून दिलं, म्हणून ते दिसेनासं झालं.

पण प्रकाश मुळात वाकतोच का? त्याचा वेग बदलतो म्हणून.

प्रकाश मोकळ्या अवकाशात सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर धावतो, हे तुम्ही ऐकलं असेल. पण पाण्यात शिरला की हाच वेग सुमारे २,२५,००० वर येतो. सूर्यफुलाच्या तेलात २,०४,०००. खिडकीच्या साध्या काचेत दोन लाखांच्याही थोडा खाली. हिऱ्यात तर अवघा १,२४,०००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि बोरोसिलिकेट काचेत? जवळजवळ २,०४,०००. तेलाइतकाच! तेलातून काचेत जाताना प्रकाशाला वेग बदलावाच लागत नाही, त्यामुळे तो वाकत नाही आणि मागेही फिरत नाही. साध्या काचेचा आकडा तेलाच्या जवळ असला तरी जुळत नाही, म्हणून सरबताचा पेला तेलात अंधुक का होईना, दिसत राहतो.

‘वेग कमी झाला हे समजलं, पण त्यासाठी वळायचं कशाला? सरळ जाऊन नुसतं हळू चालावं की!’ असं कुणी म्हणेल. म्हणायलाच हवं. त्यासाठी शाळेचं लेझीम पथक डोळ्यांसमोर आणा. दहा मुलं खांद्याला खांदा लावून एका रांगेत पटांगणावरून चालली आहेत. पटांगण संपतं तिथे नांगरलेलं शेत सुरू होतं, आणि रांग त्या बांधाकडे तिरकी येते आहे. सगळ्यात डावीकडचा मुलगा आधी ढेकळांत पाऊल टाकतो आणि त्याचा वेग मंदावतो. उजवीकडची मुलं मात्र अजून सपाट जमिनीवर आहेत, ती पहिल्याच जोरात पुढे येतात. रांग तर मोडायची नाही. मग काय होईल? रांग डावीकडे वळेल. कुणी ‘वळा’ म्हणून हुकूम दिला नाही, कुणाच्या मनातही नव्हतं, तरी वळेल. दहावा मुलगा शेतात उतरला की सगळ्यांचा वेग पुन्हा सारखा, आणि रांग नव्या दिशेने सरळ चालू लागते. म्हणजे जे काही वळणं झालं ते बांधावरच झालं. शेताच्या पलीकडे पुन्हा सपाट जमीन लागली की उलटा प्रकार. जो आधी बाहेर पडेल तो आधी वेग घेईल आणि रांग दुसऱ्या बाजूला वळेल.

आणि हीच रांग बांधावर तिरकी न येता अगदी समोरासमोर आली तर? दहाही जण एकदम हळू होतील आणि कुणीच वळणार नाही. प्रकाशही असाच वागतो. पाण्यावर अगदी सरळ वरून पडलेला किरण सरळच खाली जातो.

प्रकाशाची लाट म्हणजे ही रांग. तिचं एक टोक आधी पाण्यात शिरतं, दुसरं मागून.

विहिरीच्या किंवा तलावाच्या काठावर उभं राहून तळ दिसला, की ‘फार नाही, कमरेएवढंच आहे’ असं वाटतं. तसं वाटण्यात घोटाळा आहे. तळाकडून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, आणि आपला डोळा बिचारा समजतो की तो सरळच आला. त्यामुळे तळ उचलल्यासारखा दिसतो. अगदी वरून बघितलं तर चार फूट खोल पाणी तीन फूट भासतं. काठावरून तिरकं बघितलं तर त्याहूनही उथळ. म्हणून अनोळखी पाण्याची खोली डोळ्यांनी ठरवायची नाही. हे मी अगदी कडक आवाजात सांगतो आहे असं समजा.

बरं, पाण्यात किंवा काचेत प्रकाश हळू का होतो? काही जण सांगतात की तो अणूंना धडकत, अडखळत जातो म्हणून. ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. असा धडकत गेला असता तर प्रकाश चहूकडे विखुरला असता आणि काचेतून पलीकडचं स्पष्ट काही दिसलंच नसतं. खरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. प्रकाश ही विजेची आणि चुंबकाची मिळून झालेली लाट आहे, आणि ती सेकंदाला सुमारे पाचशे लाख कोटी वेळा थरथरते. ती काचेतून जाताना तिथल्या इलेक्ट्रॉनांना आपल्याबरोबर हलवते. आणि हलणाऱ्या इलेक्ट्रॉनची खोड अशी की तो स्वतःही प्रकाशाची एक इवलीशी लाट सोडतो, किंचित उशिराने. मूळ लाट आणि या अब्जावधी उशिराच्या लाटा एकमेकींत मिसळतात. मिसळून जी एकच लाट बनते, ती थोडी थोडी मागे पडत जाते. आपण म्हणतो, काचेत प्रकाश मंदावला. काच संपली की हलवायला इलेक्ट्रॉन उरत नाहीत, आणि लाट क्षणात आपल्या मूळ वेगाने निघते. तिला पुन्हा वेग घ्यायला जोर लावावा लागत नाही. हिऱ्यात कार्बनचे अणू अतिशय दाटीवाटीने बसलेले असतात, त्यामुळे तिथे हा उशीर फार होतो. शिवाय जांभळ्या प्रकाशाला तो तांबड्यापेक्षा थोडा जास्त होतो, म्हणून दोघे सारखे वाकत नाहीत आणि रंग सुटे होतात. इंद्रधनुष्याची सुरुवात तिथूनच होते. पण तो विषय एका परिच्छेदात मावणारा नाही, पुन्हा कधीतरी.

प्रकाश किती वाकेल याचा नियम माणसाला बराच आधी सापडला होता. बगदादच्या इब्न सह्लने तो ९८४ सालच्या सुमारास मांडला. युरोपात १६२१ मध्ये नेदरलँड्सच्या स्नेलने तो पुन्हा शोधला आणि छापलाच नाही. तरी शाळेत नाव त्याचंच शिकवतात! पण नियम सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही. कारणावरून मोठं भांडण होतं. नेदरलँड्सच्याच हायगेन्सने १६९० मध्ये लिहिलं, की प्रकाश ही लाट आहे आणि पाण्यात ती हळू होते, म्हणून वाकते. न्यूटन म्हणत होता, छे, प्रकाश म्हणजे बारीक कण. पाणी त्यांना आत ओढतं, म्हणून ते वाकतात, आणि ओढल्यामुळे पाण्यात त्यांचा वेग उलट वाढतो. कागदावर दोघांचंही गणित जुळत होतं, वाकण्याचा कोन दोघांचाही बरोबर. फक्त एक म्हणत होता हळू आणि दुसरा म्हणत होता जोरात. सोपं आहे, पाण्यातला वेग मोजा की झालं!

मोजणार कसा? तीन मीटर पाणी ओलांडायला प्रकाशाला सेकंदाच्या सात-आठ कोटींव्या भागाएवढा वेळ लागतो. त्या काळी असं घड्याळ कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. फ्रान्समधल्या आरागोने १८३८ मध्ये युक्ती सुचवली, की प्रकाश भरधाव फिरणाऱ्या आरशावर पाडायचा. प्रकाश पाण्यातून जाऊन परत येईपर्यंत आरसा केसभर का होईना फिरलेला असणार. मग परतलेला ठिपका थोडा सरकलेला दिसेल, आणि जितका उशीर तितका तो जास्त सरकेल. आरागोची दृष्टी अधू होत गेली आणि त्याला हा प्रयोग करता आला नाही. तो करून दाखवला लेऑं फुको या तरुणाने, १८५० मध्ये, वाफेच्या जोरावर सेकंदाला शेकडो फेऱ्या मारणारा छोटासा आरसा वापरून. एका वाटेत नुसती हवा, दुसऱ्या वाटेत पाण्याने भरलेली नळी. पाण्यातून आलेला ठिपका जास्त सरकला. न्यूटनला जाऊन तेव्हा १२३ वर्षं झाली होती. एवढा मोठा माणूस, पण या बाबतीत हायगेन्सचं बरोबर निघालं.

आता पाण्यात उतरू. पोहताना गॉगल न लावता पाण्याखाली डोळे उघडले तर सगळं धूसर दिसतं. पाणी डोळ्यांत जातं म्हणून, असं आपल्याला वाटतं. पण पाणी स्वच्छ असलं तरी तसंच. तुमच्या डोळ्याच्या अगदी पुढे एक पारदर्शक, फुगीर पडदा असतो, पारपटल. बाहेरून आलेला प्रकाश वाकवून आतल्या पडद्यावर नीट गोळा करण्याचं सुमारे दोन-तृतीयांश काम हे पारपटल करतं, उरलेलं आतलं भिंग. पारपटलात प्रकाशाचा वेग सुमारे २,१८,०००. हवेतून आत येताना तो ३,००,००० वरून तिथे उतरतो, म्हणून जोरात वाकतो. पण पाण्यातून येताना? २,२५,००० वरून २,१८,०००. फरक जेमतेमच. तेलात काचेचं भांडं नाहीसं झालं ना, तसं पाण्यात तुमचं पारपटल जवळजवळ नाहीसं होतं! गॉगल लावला की डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा येतो आणि पारपटलाला त्याचं काम परत मिळतं.

थायलंड-म्यानमारच्या किनाऱ्यावरची मोकेन लोकांची मुलं मात्र गॉगलशिवाय बुडी मारून तळावरचे शिंपले वेचतात. स्वीडनच्या अ‍ॅना गिस्लेन यांनी २००३ मध्ये त्यांची तपासणी प्रसिद्ध केली. ही मुलं पाण्याखाली युरोपातल्या मुलांच्या दुपटीहून जास्त बारकावे ओळखत होती. ती पाण्याखाली डोळ्याची बाहुली अगदी लहान करतात आणि आतल्या भिंगावर होता होईल तेवढा ताण देतात. पुढे सरावाने युरोपातल्या मुलांनाही ते साधलं.

मग माशांचं काय? त्यांना तर जन्मभर पाण्यातच राहायचं. त्यांच्यासाठी पारपटलाचा उपयोग जवळपास शून्य, म्हणून सगळी भिस्त आतल्या भिंगावर. आणि ते भिंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं आहे, ताटात! सुरमईचं किंवा बांगड्याचं डोकं कालवणात घातलं की डोळ्यातून एक पांढरी, टणक, गोल गोळी निघते, दाताखाली आली तर कटकन लागते. तेच माशाचं भिंग. कच्चं असताना ते काचेसारखं स्वच्छ असतं. शिजलं की त्यातली प्रथिनं गोठतात आणि ते पांढरं होतं, अंड्याचं होतं तसंच. आपल्या डोळ्यातलं भिंग चपटं असतं. त्याला थोडंच काम असतं. माशाचं मात्र गरगरीत गोल, कारण भिंग जितकं फुगीर तितका प्रकाश जास्त वाकतो. आपण जवळचं बघताना भिंगाचा आकार बदलतो. माशाची ती टणक गोळी कुठली बदलायला, म्हणून तो अख्खं भिंगच पुढेमागे सरकवतो. (घरी मासे होत नसतील तर बाजारात बर्फावर ठेवलेल्या माशाच्या डोळ्यात निरखून बघा. काळ्या बाहुलीतून भिंग थोडं बाहेर डोकावताना दिसतं.)

दक्षिण आणि मध्य अमेरिकेत एक मासा आहे, त्याला चार डोळ्यांचा मासा म्हणतात. डोळे खरे दोनच, पण प्रत्येक डोळ्यात दोन बाहुल्या. तो पाण्याच्या पृष्ठभागालगत असा तरंगतो की अर्धा डोळा हवेत आणि अर्धा पाण्यात. वरून पक्षी झडप घालतो का ते बघायचं आणि खाली काय चाललंय तेही, एकाच वेळी. हवेतल्या अर्ध्या भागाला पारपटलाची मदत मिळते, पाण्यातल्या भागाला मिळत नाही. मग एकच भिंग दोघांना कसं पुरणार? या माशाचं भिंग अंडाकृती आहे. पाण्यातून आलेल्या प्रकाशाला ते जास्त फुगीर पडतं आणि हवेतून आलेल्याला कमी. हे जमवायला निसर्गाला किती पिढ्या लागल्या असतील कोण जाणे!

इतका वेळ आपण मोठ्या फरकांबद्दल बोलत होतो. आता एक अगदी चिमुकला फरक. हवेत प्रकाशाचा वेग मोकळ्या अवकाशापेक्षा किती कमी असतो? सेकंदाला जेमतेम ऐंशी-नव्वद किलोमीटरने. तीन लाखांत ऐंशी-नव्वद! एवढ्याशाने काय होणार?

गुहागर किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहा. आभाळ स्वच्छ असेल तर तांबडा सूर्य हळूहळू खाली येतो आणि त्याची खालची कड समुद्राला टेकते. त्या वेळी अख्खा सूर्य तुम्हाला दिसत असतो. आणि खरं तर तो अख्खाच्या अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो! वरच्या विरळ हवेतून खालच्या दाट हवेत येताना प्रकाश थोडा थोडा वाकत येतो. इथे पटांगण आणि शेत यांच्यातला तो बांध नाही. हवा थराथराने दाट होत जाते, म्हणून वाटही सावकाश गोलाकार होते. मावळतीचा प्रकाश हवेतून फार लांबचा पल्ला तिरका येतो, त्यामुळे एवढासा फरकही साचत साचत जातो. शेवटी सूर्य जवळजवळ त्याच्या स्वतःच्या उंचीइतका उचलला जातो. खालची कड क्षितिजाला जास्त जवळ, म्हणून ती वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, आणि मावळता सूर्य चपटा दिसतो. मोबाइलमध्ये फोटो काढून पट्टीने मोजलात तर चपटेपणा पकडता येईल. दुपारच्या सूर्यावर मात्र हे करायला जाऊ नका, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

थंड प्रदेशात, जमिनीलगत गार आणि वर उबदार अशी हवा साचली की हे वाकणं भलतंच वाढतं. विलेम बॅरेंट्सचे डच खलाशी १५९६ च्या हिवाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या नोवाया झेमल्या बेटावर बर्फात अडकले. नोव्हेंबरात सूर्य गेला तो गेलाच. तो परत यायला हवा होता फेब्रुवारीच्या सुमारास. पण २४ जानेवारी १५९७ ला सूर्याची कड क्षितिजावर दिसली, हिशेबापेक्षा सुमारे दोन आठवडे आधी. गेरिट डी वीर या सोबत्याने ते टिपून ठेवलं. मायदेशी परतल्यावर अनेकांनी ते खोटं ठरवलं, ‘तारखा मोजायला चुकलात’ म्हणाले. पण दिसलं होतं ते खरंच. क्षितिजाखालच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या थरांत अडकून पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत वळत तिथवर आला होता.

इतक्या लांब जायची गरज नाही. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखी, बारा-बारा तासांची, असं आपण पाठ करतो. त्या दिवशी वर्तमानपत्रातली सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ घेऊन वजाबाकी करा. मुंबईत दिवस बारा तासांपेक्षा सुमारे सात मिनिटांनी मोठा निघेल. त्यातली दोनेक मिनिटं अशी, की सूर्योदय वरची कड दिसल्यावर मोजतात आणि सूर्यास्त वरची कड बुडाल्यावर. उरलेली पावणेपाच-पाच मिनिटं हवेने वाकवून आणलेल्या उजेडाची. रात्रीचा वाटा कापून दिवसाला दिलेली म्हणा हवं तर. महाराष्ट्रात खरोखरचा बारा तासांचा दिवस येतो तो त्यानंतर पाच-सात दिवसांनी, सप्टेंबर संपता संपता. तुमच्या गावी नेमका कोणत्या तारखेला येतो, ते वेळा टिपून ठेवून शोधून काढा. ढग असले तरी चालेल, वजाबाकीला ऊन लागत नाही.